भिंगरीची बोलकी पाटी

४ जुलै, शुक्रवार

आली एकदाची! खोकं एवढं मोठं की मला वाटलं, आत शिवणयंत्रच असणार. निघाली काय, तर पाटीएवढी पाटी. तिला टॅब म्हणायचं. माझ्या वर्गातल्या मुलांनी तिला लगेच 'बोलकी पाटी' करून टाकलं आणि मला ते नाव जास्त आवडलं. हिच्यावर चौकटी असतात, प्रत्येक चौकटीत एक चित्र आणि एक शब्द. चौकटीवर बोट ठेवलं की पाटी तो शब्द मोठ्याने बोलते.

ही पाटी भिंगरीसाठी आहे. भिंगरी आठ वर्षांची, माझ्या विशेष वर्गातली. तिला ऐकू सगळं येतं, समजतं तर गरजेपेक्षा जास्तच, फक्त तोंडातून शब्द फुटत नाही. आनंद झाला की जागच्या जागी गोल फिरते, म्हणून सगळी शाळा तिला भिंगरी म्हणते. आजवर काही हवं असलं की ती माझी बाही ओढायची आणि मी अंदाज बांधत बसायची. अंदाज चुकला की दोघीही चिडायचो.

पाटी बसवून द्यायला एक तरुण आला होता. कशाबद्दलही तक्रार केली की तो आधी "चार्ज केलं होतं का?" असंच विचारतो, म्हणून मी त्याचं नाव चार्जरभाऊ ठेवलंय. बोलत होता, बोलत होता, संपेचना. चौकटींच्या जागांबद्दलही काहीतरी सांगत होता, पण तेव्हा मी पाटीवर नाव लावायला चिकटपट्टी शोधत होते. माझ्या वर्गात नाव न लावलेली वस्तू चालत नाही.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, जाता जाता बजावलं, "पाटी एका सत्रापुरती उसनी आहे हं. शेवटी परीक्षक येणार. भिंगरी स्वतःहून, स्वतःच्या मनातलं बोलली तर पाटी कायमची तिची. नुसतं पढवलेलं म्हणून दाखवलंत, तर परत."

परत म्हणजे पुन्हा बाही ओढणं. ते मी होऊ देणार नाही.

७ जुलै, सोमवार

आज शब्द भरले. पाटीला आवाज हवा, तो मीच दिला. स्वच्छ, खणखणीत, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. घरी सांगितलं तर हे म्हणाले, "अरे वा, आता तू एकाच वेळी दोन ठिकाणी बोलणार." यांच्या विनोदाला मी उत्तर देत नाही.

पहिलाच दिवस, गडबडीत जशा सुचल्या तशा चौकटी भरल्या. डावीकडे वरच्या कोपऱ्यात 'पाणी', उजवीकडे खालच्या कोपऱ्यात 'संपलं'. मध्ये आई, बाई, ये, जा, बस, दे, बघ, बोल, थांब, भूक, संडास, हो, आवडलं. शिवाय कृपया आणि आभारी आहे, कारण शिष्टाचार लहानपणीच लागले पाहिजेत. 'नको' मुद्दाम घातलं नाही. एकदा 'नको' हातात दिलं की दिवसभर तेच वाजत राहील.

भिंगरीची आई पाटी बघायला आली होती. ती कपडे शिवते आणि शिवताना, चालताना, श्वास घेतानाही बोलते. म्हणाली, "आठ वर्षं मीच दोघींचं बोलतेय हो बाई. जबडा दुखायला लागला माझा. हिनं जरा हातभार लावला तर बरं होईल." मग पाटीवरचं 'आई' दाबून बघितलं, माझा आवाज आला, तर दचकलीच. "अगं बाई! पोरगी मला हाक मारणार आणि मी सरळ उभी राहून हजेरी देणार."

१० जुलै, गुरुवार

बोलली! भिंगरी बोलली!

गणिताच्या मधेच तिने 'पाणी' दाबलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी धावत जाऊन पाणी आणलं. तिने पेला बघितला, मला बघितलं, पाटीला बघितलं आणि पुन्हा दाबलं. मी दुसरा पेला आणला. मग तिसरा. प्यायली एकच. बाकीचे दोन नुसते मांडून ठेवले आणि गोल गोल फिरली. मलाही फिरावंसं वाटलं, पण माझ्या वयाला चक्कर येते.

एक छोटीशी अडचण आहे. मी काही समजावून सांगायला लागले की ती 'संपलं' दाबते. आजच चार-पाच वेळा झालं. बोट घसरून कोपऱ्यात जात असावं.

१५ जुलै, मंगळवार

वन्सं आल्या. यांची थोरली बहीण. "हवापालट म्हणून आले," म्हणाल्या, आणि पेटी एवढी आणलीय की हवा चांगलीच पालटणार असं दिसतंय. घरी मुलगा आहे, नवी सून आहे, सगळं छान चाललंय म्हणतात. मग इकडे का, ते काही सांगत नाहीत. असो. आल्या आल्या माझ्या ओट्याकडे बघून "हं," म्हणाल्या. ते "हं" मला आवडलेलं नाही.

शाळेचं काम मात्र जोरात. भिंगरी आता पाच-सहा शब्द वापरते. पण त्या पाटीवर चौकटी कशाही पसरल्यात, कुठे पाणी, कुठे बस, नुसता भाजीबाजार. आज शाळा सुटल्यावर बसले आणि सगळं अकारविल्हे लावून काढलं. 'आई'पासून 'हो'पर्यंत, एकदम शास्त्रशुद्ध. आता तिला शोधायला किती सोपं जाईल!

१७ जुलै, गुरुवार

भिंगरीला आईची फार आठवण येतेय. कालपासून सारखं पहिल्याच चौकटीवर बोट, 'आई', 'आई'. मी तिला जवळ घेतलं, समजावलं, तरी 'आई'. शेवटी आईला फोन केला. ती बिचारी अर्धवट शिवलेलं कापड खांद्यावर टाकून पळत आली. भिंगरीने तिच्याकडे असं बघितलं की जणू ही कशाला आली. मग तिच्या पिशवीतली बाटली काढून घटाघटा पाणी प्यायली. उन्हातून आईच आली आणि तहान लेकीला, मुलांचं काही सांगता येत नाही.

एक मात्र चांगली सुधारणा आहे. 'संपलं'चा नाद सुटला. आता मी काही समजावायला लागले की ती लगेच कोपऱ्यातलं 'हो' दाबते. माझं पटतंय तिला. मोठ्या बाईंना मुद्दाम बोलावून दाखवलं. मी बोलत होते आणि भिंगरी 'हो', 'हो', 'हो'. मोठ्या बाईंना का कोण जाणे, खोकला आला.

२२ जुलै, मंगळवार

आज माझं डोकं फिरलंय. वन्संनी माझं स्वयंपाकघर लावलं!

मी शाळेत होते तेवढ्यात. सगळे डबे खाली काढले, पुसले आणि आपल्या मनाने पुन्हा मांडले. "आता कसं सुटसुटीत वाटतं," म्हणाल्या. मी यांना चहा केला. साखर माझी नेहमी उजव्या हाताला, मधल्या फळीवर, दुसरा डबा. हात गेला, चमचा भरला, टाकला. यांनी एक घोट घेतला आणि कप हळूच बशीत ठेवला. मग म्हणाले, "समुद्राची आठवण आली." मीठ होतं ते! साखरेच्या जागी मीठ!

एवढी साधी गोष्ट कळू नये माणसाला? स्वयंपाक काय डोळ्यांनी करतात? डबा बघून, नाव वाचून, विचार करून करायला लागले तर जेवण उद्याच मिळेल. हात आपोआप जातो. तो हात घडायला मला वीस वर्षं लागली आणि या बाईंनी तो एका दुपारीत मोडला. तोंडावर काही बोलले नाही, नणंद पडल्या. इथे लिहिते आणि गप्प बसते.

हे म्हणाले, "तुमच्या दोघींचे स्वभाव अगदी सारखे आहेत." रागाने मी यांच्यासाठी दुसरा चहा केलाच नाही.

शाळेत मन रमलं म्हणून बरं. अकारविल्हे मला तितकंसं पटेना, म्हणून पाटी नव्याने लावली. आधी शरीराच्या गरजा, मग माणसं, मग क्रिया, शेवटी शिष्टाचार. प्रत्येक गटाला वेगळा रंग. बघूनच समाधान वाटतं.

३० जुलै, बुधवार

भिंगरीच्या पोटाचं काहीतरी बिघडलंय. दिवसभर 'संडास'. पहिलीच चौकट, तिथेच बोट. मी दर वेळी घेऊन जाते, ती दारात उभी राहते, माझ्याकडे बघते, पाय आपटते. काही होत नाही. तिच्या आईला विचारलं, ती म्हणाली, "पोट एकदम ठणठणीत आहे बाई, दगड पचवेल." मग काय असावं?

शिष्टाचारात मात्र प्रगती आहे. मी समजावायला लागले की आता 'कृपया' म्हणते. 'कृपया', 'कृपया', एकदम कळवळून. पुढे काय हवंय ते सांगत नाही, पण सुरुवात तर झाली.

घरी चाळणी सापडत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

भिंगरीने पाटी फेकली.

काल मी पुन्हा एकदा जागा बदलल्या होत्या. जास्त लागणारे शब्द मध्यभागी घेतले होते, तिला हात लांबवायला नको म्हणून. सकाळी तिने पाटी उघडली, बोट पुढे केलं, थांबली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. एक चौकट दाबली, ती भलतंच बोलली. दुसरी दाबली, तीही भलतंच. मग दोन्ही हातांनी पाटी उचलली आणि भिंतीवर. कोपऱ्याचा टवका गेला, बाकी वाचली. भिंगरी टेबलाखाली जाऊन बसली आणि मला जवळ येऊ देईना.

मोठ्या बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "प्रत्येक मुलाला यंत्र मानवतंच असं नाही. प्रयत्न केलात तुम्ही." प्रयत्न केलात! परीक्षा व्हायच्या आधीच निकाल लावल्यासारखं बोलल्या.

१३ ऑगस्ट, बुधवार

पाटी कपाटात पडून आहे. भिंगरी पुन्हा बाही ओढते. आज ती मला खिडकीपाशी घेऊन गेली आणि बाहेर बोट दाखवत राहिली. मी म्हटलं, पक्षी? झाड? खेळायला जायचं? काहीच नाही. शेवटी तिनेच माझी बाही सोडून दिली. असं ती आधी कधी सोडत नसे, माझा जीव खाई.

खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. यंत्र वाईट नाही, मूल हुशार आहे, मग घोडं पेंड खातंय कुठे? मी तर रोज सुधारणाच करत होते. तिची आई आज दारात उभी राहून म्हणाली, "नसेल जमत तर राहू द्या हो बाई. मी आहे ना बोलायला." आणि हसली. तिचं हसणं मला बघवेना.

१६ ऑगस्ट, शनिवार

आज जे झालं ते सगळं लिहिते.

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर वन्संनी पुन्हा मांडामांड केलेली! या वेळी डब्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवून, नावं लिहून. मी साखरेला हात घातला आणि हाती आला जिरं भरलेला डबा. माझा बांध फुटला. मी म्हटलं, "वन्सं, हे काय चालवलंय तुम्ही?"

त्या म्हणाल्या, "अगं, अकारविल्हे लावलंय. एकदम शास्त्रशुद्ध. आता तुला शोधायला किती सोपं जाईल."

मी ओरडले, हो, ओरडलेच, "मला शोधायचंच नाहीये! मला हात पुढे करायचाय आणि ती वस्तू तिथे हवीय! तुम्ही रोज जागा बदललीत तर मी काय करू? डबे फेकू भिंतीवर?"

आणि मग मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले. माझं वाक्य संपलं होतं, पण ते माझ्या कानात फिरत राहिलं. डावा वरचा कोपरा, पाणी. तिथे मी 'आई' ठेवली, तर ती आई झाली. तिथे 'संडास' ठेवला, तर मी तिला दहा वेळा संडासात नेऊन उभं केलं. तहानलेल्या मुलीला! तिला पाणी हवं होतं. तिने हात बरोबरच पुढे केला होता. साखरेच्या जागी मीठ मी ठेवलं होतं, आणि तेही तीन-तीनदा, वर रंगीत करून.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मला शाळेच्या फाटकापासून दिसतं. स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ बाहेर काढायला वन्सं याव्या लागल्या.

मी खुर्चीवर बसून हसायला लागले. वन्संना वाटलं माझं बिनसलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, "चुकलं गं माझं. घरी सुनेनं सगळं स्वयंपाकघर तिच्या पद्धतीनं लावलंय. चांगलंच लावलंय. पण मला माझा चहासुद्धा करता येईना. वाटलं, इथे निदान एखादं फडताळ तरी माझ्या हातानं लागेल." म्हणजे हवापालट हा होता तर! मी एवढे दिवस या बाईंशी मनातल्या मनात भांडत होते आणि त्या बिचाऱ्या एका फळीसाठी आल्या होत्या. मला स्वतःची लाज वाटली आणि त्यांच्याबद्दल माया वाटली, दोन्ही एकदमच.

मग दोघींनी मिळून डबे जागच्या जागी ठेवले. खिडकीजवळचं छोटं कपाट मी त्यांना देऊन टाकलं. त्यात त्या काय वाटेल ते, वाटेल तसं लावोत. मी हात घालणार नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार

सकाळी पहिला फोन चार्जरभाऊला. सगळं सांगितलं. वाटलं, आता "चार्ज केलं होतं का?" विचारणार. तो म्हणाला, "बाई, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जागा हलवायच्या नाहीत, नवे शब्द रिकाम्या चौकटीत घालायचे. तुम्ही चिकटपट्टी शोधत होता." लक्षात ठेवलं होतं त्याने! सुदैवाने पहिल्या दिवसाची मांडणी त्याच्याकडे जपून ठेवलेली होती. दुपारपर्यंत ती पाटीवर परत आली. पाणी वर डावीकडे, संपलं खाली उजवीकडे, मधला भाजीबाजार जसाच्या तसा.

भिंगरी पाटीला हात लावायला तयार नव्हती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "भिंगरी, मी तुझे डबे हलवले होते. चुकलं माझं. आता नाही हलवणार. कुणालाच हलवू देणार नाही." तिने माझ्याकडे बघितलं. पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. नजर खिडकीबाहेर, आणि बोट सरळ डावीकडे वर. 'पाणी.'

मी पाणी आणलं. आनंदाने मला इतकं भरून आलं की मी तिला समजावायलाच बसले, बघ, आता कसं सगळं सोपं होईल, आता आपण रोज...

'संपलं.'

बोट घसरलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून घसरलेलं नव्हतं! आणि ते 'हो, हो, हो' म्हणजेही हेच होतं! मोठ्या बाईंचा तो खोकला आता माझ्या लक्षात आला. मी इतकी हसले की शेजारच्या वर्गातून विचारायला आले.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आठवडाभर लिहायला सवडच नाही. भिंगरी बोलते! 'बाई ये.' 'बाई जा.' 'बाई बघ.' मी दिवसभर ये-जा करते आणि बघते. काल खिडकीबाहेर बोट आणि 'बघ', 'बघ'. या वेळी मी अंदाज न बांधता तिच्या उंचीला वाकून बघितलं. समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर मांजर आणि तिची पिल्लं. उभ्याने ती दिसतच नाहीत. रिकाम्या चौकटीत 'मांजर' घातलं.

आज धीर करून 'नको' घातलं आणि त्याच्या शेजारी 'माझं'. मला वाटलं होतं तसंच झालं. गणित, नको. प्रार्थना, नको. मोठ्या बाई पाहायला आल्या, मोठ्या बाई, नको. पण मोठ्या बाईच म्हणाल्या, "इतक्या वर्षांचं साठलंय, वाजू दे."

शाळा सुटल्यावर आई न्यायला आली, नेहमीसारखी बोलतच. उद्याच्या सणासाठी नवा फ्रॉक शिवलाय, हिच्या आवडीचा पिवळा, तान्ही असताना हिने पिवळं कापड मुठीत धरलं होतं तेव्हापासून मी हिला पिवळंच... भिंगरीने फ्रॉककडे बोट केलं. 'नको.'

"नको? पिवळं आहे सोन्या, तुझं आवडतं."

'नको. नको. नको.' आणि माझ्या निळ्या ओढणीला धरून, 'आवडलं.'

आई भुईवर बसली. "आठ वर्षं! आठ वर्षं पिवळं शिवतेय मी! अगं, मग मुठीत कशाला धरलं होतंस?" आणि जी हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरी आणखी किती पिवळे आहेत त्याचा हिशेबच तिला लागेना. भिंगरी गोल फिरत होती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

वन्संनी आपल्या कपाटातून मला चहा करून दिला. साखर कुठून काढली ते मी विचारलं नाही. चहा छान होता. म्हणतात, आणखी महिनाभर राहीन म्हणते. राहा म्हटलं. यांनी वर्तमानपत्र खाली करून आम्हा दोघींकडे बघितलं आणि पुन्हा वर केलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

उद्या परीक्षक. भिंगरी माझ्याशी बोलते, आईशी बोलते, मुलांशी भांडते, पण अनोळखी माणसासमोर ती कधीकधी मख्खासारखी बसते. मोह होतोय की उद्यासाठी तिला चार वाक्यं पक्की करून द्यावीत. 'बाई आवडलं', 'आभारी आहे', असं काहीतरी. पण तेच तर पढवलेलं. नाही देणार. तिची पाटी, तिचं बोलणं, जे होईल ते होवो. हे एवढ्या शूरपणे लिहिलंय, पण उद्याच्या ओढणीला दोनदा इस्त्री करून झालीय.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सगळं सविस्तर लिहिणार आहे, कुणी घाई करू नये.

परीक्षक बाई माझ्याच वयाच्या, टापटिपीच्या, कागद टेबलाच्या कडेला अगदी समांतर लावून बसल्या. मला त्या बघताक्षणी आवडल्या, आणि लगेच भीतीही वाटली. मोठ्या बाई शेजारी, मी मागे. आई बाहेर व्हरांड्यात, दाराच्या फटीतून तिचं बोलणं ऐकू येत होतं. बहुतेक शिपाई ऐकत होता.

परीक्षक म्हणाल्या, "तुला पाणी हवंय का?" भिंगरी खिडकीकडे. "भूक लागलीय?" खिडकीकडे. "तुझ्या बाई तुला आवडतात का?" भिंगरीने माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खिडकीकडे! मी ओढणीच्या टोकाला इतक्या गाठी मारल्या की अजून सुटल्या नाहीत. परीक्षक कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. मोठ्या बाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, गेली पाटी.

मग परीक्षकांनी पाटी जरा आपल्याकडे वळवली, न्याहाळली आणि मला म्हणाल्या, "मांडणी थोडी विस्कळीत वाटते. 'पाणी' इतकं कोपऱ्यात कशाला? मध्ये घेतलं तर तिला सोपं जाईल." आणि बोट पुढे केलं.

ते बोट चौकटीपर्यंत पोचलंच नाही.

'नको.'

परीक्षक दचकून माझ्याकडे वळल्या. "मी नुसतं सुचवत होते."

"मी नाही बोलले!" मी म्हटलं. "आवाज माझा आहे, पण मी नाही!"

भिंगरीने परीक्षकांच्या बाहीला धरलं, त्यांचा हात उचलला आणि त्यांच्याच मांडीवर नेऊन ठेवला, नीट. मग पाटी आपल्याकडे ओढली. 'नको. माझं.' त्यांच्या तोंडाकडे रोखून बघितलं आणि पुन्हा, 'माझं.'

मला हसावं की माफी मागावी ते कळेना. परीक्षक हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे. आधी विचारायला हवं होतं. मग तूच दाखव, कसं असतं तुझं."

भिंगरीने जरा विचार केला. 'बस. बघ.'

परीक्षक बसलेल्याच होत्या, तरी नीट बसल्या. आणि भिंगरीने त्यांना खिडकीबाहेरची मांजर दाखवली, पिल्लं दाखवली. त्यासाठी त्यांना खाली वाकायला लावलं, आणि त्या वाकल्या. मग माझ्याकडे बोट करून, 'बाई बोल, बोल, बोल', आणि मोठा उसासा टाकून 'संपलं'. मोठ्या बाईंना पुन्हा तो खोकला आला.

परीक्षकांनी कागद पुढे ओढला आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, "स्वतःहून बोलते का? हो. उदाहरण? परीक्षकांना हात मागे घ्यायला लावला." वर मान करून मला म्हणाल्या, "पाटी तिची. कायमची. जागा हलवू नका."

"नाही हो," मी म्हटलं. "प्राण गेला तरी नाही."

आईला आत बोलावलं. मोठ्या बाईंनी तिला सांगितलं. आईने तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. एक शब्द नाही. ती मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीवर, ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. भिंगरीनेही पाहिलं नसावं. ती आईच्या समोर गेली, वाकून तिचं तोंड बघितलं, या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. मग पाटी आणून आईच्या गुडघ्यावर ठेवली.

'आई.'

वाट बघितली.

'बोल.'

आवाज माझाच होता. इतकी वर्षं या आवाजाने मी मुलांना फक्त 'गप्प बसा' म्हणत आलेय. आईला आधी रडू आलं, मग हसू आलं, आणि मग ती जी बोलायला लागली ती बसथांब्यापर्यंत थांबली नाही. दोघी दिसेनाशा होईपर्यंत मी फाटकात उभी राहून ऐकत होते.